जुन्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याला डिजिटल बॅक : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोग्राफरसाठी

आपल्या सीमाभागातल्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत अजून एखादा मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मवर चालणारा कॅमेरा निघतो : हॅसलब्लाड ५०० सी/एम, मामिया आरबी६७ किंवा यशिका मॅट. आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेला, काच स्वच्छ, शटर चालू. तो हातात आला की पोरगा विचारतो, ‘याला डिजिटल बॅक (फिल्मऐवजी मागं लावायचा डिजिटल सेन्सर) बसते का हो?’ काहींना बसते. पण त्यानंतर तुलनेचे तक्ते उघडले की ३९, ५०, ६०, ८०, १००, १५० असे मेगापिक्सेलचे आकडे समोर येतात आणि माणूस तिथंच अडकतो. मी या चक्रातून गेलो आहे, म्हणून ही क्रमवारी. मेगापिक्सेल मी मुद्दाम मागं ठेवले आहेत. आधी काम, मग माउंट (बॅक बॉडीला जिथं बसते ती जोडणी), मग सेन्सरचा आकार, मग सेन्सरचा प्रकार, जुना सीसीडी की नवा सीमॉस, मग केबल आणि सॉफ्टवेअर. एवढं ठरलं की आकडा आपोआप ठरतो.

१. आधी कोणतं काम करणार ते लिहा

लग्नासाठी बॅक घेऊ नका. हळदीत, वरातीत, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ती कामाची नाही. ऑटोफोकस नाही किंवा संथ, फाइल लिहायला वेळ, अंधारात हाल. बॅकचं खरं काम आहे ते स्थिर वस्तूंचं. आपल्या भागात असं काम भरपूर आहे : शहापूर-वडगावच्या विणकरांच्या साड्यांचे कॅटलॉग, उद्यमबागेतल्या फाउंड्रींचे कास्टिंग, घराघरांत पडून असलेली मोडी कागदपत्रं, के. बी. कुलकर्णी आणि त्यांच्या परंपरेतल्या चित्रकारांची चित्रं, हलशी-देगावची देवळं.

कामाचा आकार इंचांत मांडला की किती पिक्सेल लागतात ते सरळ गणितानं कळतं. मोडीचा कागद ए३ एवढा मोठा धरा, म्हणजे साधारण १६.५ × ११.७ इंच. तो ४०० पीपीआयला (इंचाला ४०० पिक्सेल) हवा असेल तर ६,६०० × ४,६८० पिक्सेल, म्हणजे ३१ मेगापिक्सेलच्या आत. फेज वनची जुनी पी४५ प्लस ही बॅक ७,२१६ × ५,४१२ पिक्सेल देते. काम झालं, थोडी कडही राहिली. आता ४० × ३० इंचाचा कॅनव्हास मूळ आकारात ३०० पीपीआयला छापायचा म्हटलं तर १२,००० × ९,००० लागतात. हॅसलब्लाडची १०० मेगापिक्सेलची बॅक ११,६५६ × ८,७४२ देते, म्हणजे २९० पीपीआयच्या आसपास. चालून जातं. त्यापुढं मोठं चित्र असेल तर कोणतीही बॅक घेतली तरी दोन-चार तुकडे काढून जोडणंच बरं.

हे गणित करून बघा. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक कामाला ५० मेगापिक्सेल पुरतात, असं माझं मत झालं आहे.

२. बॉडीला बॅक बसते का ते बघा

इथं सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

बॅक म्हणजे फिल्म मॅगझिनच्या जागी बसणारा सेन्सर. ज्या कॅमेऱ्याचं मॅगझिन निघत नाही, त्याला बॅक बसत नाही. यशिका मॅट, मामिया सी३३०, जुने ट्विन लेन्स रोलायफ्लेक्स इथंच बाद. मामिया एम६४५ १०००एस दिसायला सुटसुटीत, पण त्यातही फक्त फिल्मचा इन्सर्ट निघतो, मॅगझिन नाही. मामिया ६४५ एएफडी आणि त्यापुढचे चालतात. आरबी६७ आणि आरझेड६७ ला अॅडाप्टर प्लेट लागते. त्यातल्या त्यात आरझेड६७ प्रो टू डी डिजिटलसाठी सोयीचा.

हॅसलब्लाडचं व्ही माउंट, म्हणजे ५०० सी/एम वगैरेंचं, सगळ्यात निर्धोक. ५०० सी १९५७ मध्ये आला, आणि त्यानंतरच्या बहुतेक व्ही बॉडींवर हॅसलब्लाडचीच आजची बॅक सीएफव्ही १००सी बसते. एच मालिकेत मात्र सापळा आहे. एच१ आणि एच२ वर दुसऱ्या कंपनीच्या बॅक बसतात, एच३डी पासून कंपनीनं दार बंद केलं, पुढं एच४एक्स सारख्या मोजक्या बॉडींनाच ते उघडं राहिलं. जाहिरातीत नुसतं ‘हॅसलब्लाडसाठी’ लिहिलेलं असेल तर व्ही की एच हे विचारल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. फेज वन आणि लीफ या कंपन्यांच्या बॅकचं माउंट कारखान्यातून ठरून येतं. घरी बसून बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट, बॅकला शटर उघडल्याचं कळायला हवं. सीएफव्ही मालिका ५०० सी/एम वर बॉडीच्या यांत्रिक खुणेवरून चालते, वेगळी केबल नको. इतर अनेक बॅकना लेन्सच्या फ्लॅश सॉकेटपासून बॅकपर्यंत सिंक केबल लागते, आणि टेक्निकल कॅमेऱ्यावर (लेन्स किंवा बॅक बाजूला सरकवता येणारा कॅमेरा) जुन्या बॅकला ‘जागं’ करायची खास केबल वेगळीच. बॅक स्वस्त मिळते आणि केबल सापडत नाही, हा अनुभव अनेकांना येतो. केबलसकट विकत असतील तरच घ्या.

३. सेन्सर किती मोठा आहे?

नाव मीडियम फॉरमॅट असलं तरी सेन्सरचे साधारण तीन आकार बाजारात फिरतात : सुमारे ४४ × ३३ मिमी, ४९ × ३७ मिमी आणि ५४ × ४० मिमी. ६ × ६ च्या फिल्मची चौकट ५६ × ५६ मिमी होती. म्हणजे ४४ × ३३ च्या सेन्सरवर जुन्या चौकटीचा निम्म्याहून कमी भाग उरतो.

याचा फटका वाइड लेन्सना बसतो. व्ही सिस्टिमची ८० मिमी लेन्स ४४ × ३३ वर ३५ मिमी कॅमेऱ्याच्या हिशोबानं ६३ मिमीसारखी दिसते, ५४ × ४० वर ५१ मिमीसारखी. ५० मिमीची डिस्टागॉन ही वाइड लेन्स ४४ × ३३ वर ४० मिमीच्या जवळ जाते. साड्या, दागिने, कागद यांना काही बिघडत नाही, उलट लेन्सचा मधला उत्तम भागच वापरला जातो. पण हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराच्या मंडपात उभं राहून दोन्ही बाजूंचे खांब एका चौकटीत घ्यायचे असतील तर ही जोडी कमी पडते. त्यासाठी एक तर मोठ्या सेन्सरची बॅक आणि टेक्निकल कॅमेरा, नाहीतर सीएफव्ही बॅकला ९०७एक्स ही पातळ बॉडी जोडून एक्ससीडी मालिकेची वाइड लेन्स.

अजून एक. सेन्सर आयताकृती, बॉडी चौकोनी. उभा फोटो हवा असेल तर व्ही बॉडीवर सीएफव्ही फिरवून बसवता येत नाही, कॅमेराच आडवा करावा लागतो आणि वरून बघायचा फाइंडर मग निरुपयोगी होतो. प्रिझम फाइंडरची किंमत आधीच धरून ठेवा. आरझेड६७ ला फिरती बॅक आहे, तो तिथं बाजी मारतो.

४. सीसीडी की सीमॉस?

२०१४ हे वळणाचं वर्ष. त्या वर्षी ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर असलेल्या बॅक आल्या : फेज वनची आयक्यू२५०, लीफची क्रेडो ५०, हॅसलब्लाडची सीएफव्ही-५०सी. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या सीसीडी.

सीसीडीत आयएसओ ५० ते २०० पर्यंत सुंदर, पुढं दाणे वाढत जातात. कामाचा लाइव्ह व्ह्यू (फोटो काढण्याआधी सेन्सरवरचं चित्र पडद्यावर बघणं) नाही. स्टुडिओत फ्लॅश असेल तर चालतं. मागच्या पडद्यावर फोटो दिसतो, पण त्यावरून फोकस ठरवू नका. पी४५ प्लसची एक खासियत आहे, ती तासाभराचं एक्सपोजर देते. पी६५ प्लस तिच्याहून नवी आणि ६० मेगापिक्सेलची असूनही एखाद-दोन मिनिटांत थकते. अंधाऱ्या गाभाऱ्यात काम करायचं असेल तर हा फरक मोठा आहे. मात्र दहा मिनिटं उघडलं तर त्यानंतर बॅक तेवढाच वेळ डार्क फ्रेम (दाणे वजा करण्यासाठी अंधारातली चौकट) घेते. पुजारी वाट बघत उभे राहतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

सीमॉसमध्ये लाइव्ह व्ह्यू मिळतो आणि कॉपी स्टँडवर (कागद खाली, कॅमेरा वर धरणारा स्टँड) त्याची किंमत सोन्याएवढी. मोडीच्या कागदावर शंभर टक्के मोठं करून शाईची कड बघून फोकस करता येतो. आयएसओ १६०० पर्यंत निर्धास्त. काही सीमॉस बॅकमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर असतं, पण ते ओळीओळीनं वाचत जातं. त्यावर फ्लॅश चालत नाही, एलईडी आणि ट्यूबलाइटखाली पट्टे येतात. लेन्समधलं पाकळ्यांचं लीफ शटर (लीफ कंपनीशी संबंध नाही) वापरा, जुन्या व्ही लेन्स १/५०० पर्यंत फ्लॅश पकडतात.

‘सीसीडीचा रंगच वेगळा’ असं बरेच जण सांगतील. कलर चार्ट धरून प्रोफाइल केल्यावर तो वेगळेपणा माझ्या डोळ्यांना फारसा उरलेला दिसत नाही. त्या एका कारणासाठी जुनी बॅक घेऊ नये.

५. समोरासमोर ठेवून बघितल्यावर

*पी२५ प्लस, लीफ ॲप्टस २२ :* २२ मेगापिक्सेल, पिक्सेल ९ मायक्रॉनचे. शिकायला छान, ३०० पीपीआयला १८ × १३ इंच छपाई. विणकामाच्या फोटोंना नको, कारण पुढं येतंच आहे.

*पी४५ प्लस, हॅसलब्लाड सीएफव्ही-३९ :* ३९ मेगापिक्सेल, ४९ × ३७ मिमी. कागदपत्रं, पोर्ट्रेट, फाउंड्रीचं काम. वापरलेल्यांत सगळ्यात समंजस सौदा, फक्त टेदरिंगच्या (केबलनं संगणकाला जोडून काम करण्याच्या) अडचणीसह.

*सीएफव्ही-५०सी, क्रेडो ५०, आयक्यू२५० :* तिन्हींत ५० मेगापिक्सेलचा ४४ × ३३ चा सीमॉस. फुजी जीएफएक्स ५०एस आणि पेंटॅक्स ६४५झेड यांतही हाच सेन्सर वंश. म्हणून रोखठोक सांगतो : घरात जुन्या लेन्सचा संच नसेल तर बॅकच्या नादी लागू नका, वापरलेली जीएफएक्स घ्या. तीच प्रत, ऑटोफोकससकट.

*सीएफव्ही टू ५०सी :* २०१९ ची. यूएसबी-सी, दोन एसडी कार्ड, बोटानं चालणारा पडदा. ९०७एक्ससकट अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ६,३९९ डॉलर होती. व्ही बॉडी असलेल्यांसाठी माझी पहिली पसंती हीच.

*सीएफव्ही १००सी :* जानेवारी २०२४, १०० मेगापिक्सेल, आत एक टेराबाइट साठवण. ९०७एक्ससकट सुरुवातीला ८,१९९ डॉलर. एक रॉ फाइल सरासरी २०६ एमबी, म्हणजे पाचशे फोटोंना शंभर जीबीच्या वर. संगणक आणि हार्ड डिस्कचा खर्च यातच धरा.

*फेज वन आयक्यू४ १५० :* १५१ मेगापिक्सेल, ५३.४ × ४० मिमी. एक्सएफ कॅमेऱ्यासकट २०१८ मध्ये पन्नास हजार डॉलरच्या वर. बेळगावात राहून ही विकत घेण्याएवढं काम मला दिसत नाही. मोठं कंत्राट आलं तर मुंबईहून भाड्यानं आणा.

६. साडीवाल्यांसाठी : मोअरे

यातल्या कोणत्याही बॅकमध्ये प्रतिमा किंचित मऊ करणारा अँटी-अलायझिंग फिल्टर नाही. त्यामुळं धार मिळते, आणि विणीचे धागे पिक्सेलच्या जाळीशी जुळले की कापडावर इंद्रधनुष्यी लाटा उमटतात, त्यालाच मोअरे म्हणतात. इरकलचा बारीक चौकडा, खणाची वीण, रेशमी काठ ही सगळी त्याची लाडकी ठिकाणं. ९ मायक्रॉनच्या सेन्सरवर हा त्रास जास्त, ३.७६ मायक्रॉनच्या १०० मेगापिक्सेलवर बराच कमी.

उपाय : कॅमेरा हातभर पुढं-मागं करा, साडी काही अंश तिरकी करा, नाहीतर एफ/१६ वर जा म्हणजे विवर्तनानं धार थोडी बोथट होते. सॉफ्टवेअरमधलं मोअरे काढायचं साधन काठाचा खरा रंगही खाऊन टाकतं, विणकर ते लगेच ओळखतो. बॅक घेण्यापूर्वी आपल्याच गिऱ्हाइकाची एक साडी घेऊन जा आणि तिचाच फोटो काढून बघा. चाचणीच्या तक्त्यांपेक्षा तो निकाल खरा.

७. केबल, सॉफ्टवेअर, बॅटरी

पी प्लस मालिका, लीफ ॲप्टस, अगदी २०१४ ची सीएफव्ही-५०सी सुद्धा संगणकाला फायरवायरनं जोडतात. नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं. जुना फायरवायरचा मॅक चालू स्थितीत असेल तर तो विकू नका. आयक्यू२५० आणि क्रेडो मालिकेत फायरवायरबरोबर यूएसबी ३ ही आहे.

फेज वन आणि लीफच्या फाइलींना कॅप्चर वन, हॅसलब्लाडच्या फाइलींना फोकस (हे त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव, फुकट मिळतं). सौदा करण्याआधी विक्रेत्याकडून एक मूळ रॉ फाइल मागवून आपल्याच संगणकावर उघडून बघा.

बॅटरीची गोष्ट सोपी आहे. जुन्या सीएफव्हीला सोनीची एल प्रकारची बॅटरी लागते, तीच एलईडी व्हिडिओ लाइटना लागते, म्हणून बाजारात सहज मिळते. फेज वनच्या जुन्या बॅकला कॅननच्या बीपी-९१५ धाटणीची.

८. वापरलेली बॅक हातात आल्यावर

सोबत घ्या : लॅपटॉप, कार्ड आणि रीडर, पांढऱ्या अॅक्रिलिकचा तुकडा, टॉर्च, ट्रायपॉड, आणि ‘तरुण भारत’चा एक अंक.

- टॉर्च तिरका धरून सेन्सरवरची काच बघा. धूळ जाते, ओरखडा जात नाही.
- एफ/१६ वर पांढऱ्या अॅक्रिलिकचा फोटो काढा. मधोमध उभी रेघ पडून दोन्ही अर्ध्यांची छटा वेगळी दिसली तर सीसीडीचे भाग जुळत नाहीत. दुरुस्ती महाग.
- झाकण लावून लांब एक्सपोजर घ्या. ठिपके थोडे असणारच, ओळीच्या ओळी पेटलेल्या नकोत.
- अर्धा तास सलग चालवा. बॅक तापल्यावरच तिचे खरे दोष बाहेर पडतात.
- पेपर भिंतीवर चिकटवून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फाइंडरमधून फोकस करा. फाइंडरात स्पष्ट आणि फाइलमध्ये पुसट असेल तर बहुधा बॉडीची फोकसिंग स्क्रीन किंवा आरसा सरकला आहे. दोष बॅकचा नसतो, पण खर्च तुमचाच. फिल्मवर चालून गेलेली चूक सेन्सर लपवत नाही.
- टेक्निकल कॅमेऱ्यावर शिफ्ट (लेन्स किंवा बॅक सरकवणं) वापरणार असाल तर कडेचा जांभळा-हिरवा रंग बघा. तो अॅक्रिलिकच्या फोटोवरून कॅप्चर वनमध्ये काढता येतो, म्हणून तो तुकडा कायम पिशवीत ठेवा.

९. कागदपत्रं आणि कर

परदेशातून कुरिअरनं मागवत असाल तर आधार, पॅन, अनुक्रमांक लिहिलेलं पक्कं बिल आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा तयार ठेवा. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. गिफ्टची जुनी सवलत राहिलेली नाही, आणि कमी किंमत लिहिलेला माल कस्टमला अडकला तर विम्यालाही तीच कमी किंमत धरली जाते.

आपल्या सीमाभागाची खास भानगड जीएसटीची. तुमची नोंदणी कर्नाटकची, दुकान कोल्हापूर-पुण्याचं. तिथं जाऊन माल हातात घेतला तर बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागण्याची शक्यता असते आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला इथं मिळत नाही. बेळगावच्या पत्त्यावर पाठवायला सांगून आयजीएसटीचं बिल घ्या. माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल सोबत हवं. आधी सीएंना एक फोन करा.

परदेशी कामाला बॅक नेणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना तीच वस्तू नवी आणली असं समजून शुल्क मागतात.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात, म्हणजे किल्ल्यातल्या कमल बस्तीतसुद्धा, ट्रायपॉड लावण्यापूर्वी लेखी परवानगी काढा. किल्ला आणि कॅम्प परिसरात लष्कराची हद्द आहे. एवढा मोठा कॅमेरा स्टँडवर दिसला की विचारपूस होणारच, परवानगीची झेरॉक्स खिशात असू द्या.

१०. पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडं हवा ओलीच असते. जुन्या लेन्सना बुरशी लागते, बॅकच्या जोडणीच्या पिना काळ्या पडतात. ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. एसी खोलीतून थेट बाहेर काढू नका, बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा, नाहीतर सेन्सरच्या काचेवर बाष्प धरतं. टेदर करून काम करताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस आणि बॅकमध्ये भरलेली बॅटरी, दोन्ही हवंच.